बाय, तुझ्या चार ओळी

वसई, १८ मे २०२६

प्रिय बाय,

तुझा निरोप शनिवारी रात्री ऐकला, रविवारी चर्चच्या मिस्सेहून आल्यावर पुन्हा ऐकला आणि मग आईला ऐकवला. टोरोंटोच्या तुमच्या चर्चमध्ये पेंटेकॉस्टला, पवित्र आत्म्याच्या सणाला, निरनिराळ्या देशांची माणसं आपापल्या मातृभाषेत एकेक प्रार्थना म्हणणार. फिलिपिनो आहेत, नायजेरियाचे आहेत, एक पोलिश आजोबा आहेत, आणि त्यात तू. "पप्पा, चार ओळी लिहून द्या ना. आणि एक सांगा, मराठीत म्हणू की आपल्या बोलीत? फॉर्मवर मातृभाषा कुठली लिहू?"

चार ओळींचं काम अर्ध्या तासाचं होतं. त्या फॉर्मने माझे दोन दिवस खाल्ले. वहीत लिहून पानांचे फोटो पाठवतोय, कारण पोस्टात टाकलं तर पत्र पोचेपर्यंत सण होऊन जाईल.

इथे नोव्हेना, सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, चालू आहे, आज चौथा दिवस. आई रोज संध्याकाळी रिक्षाने नंदाखालला जाते. तिच्या माहेरचं देऊळच पवित्र आत्म्याच्या नावाचं, १५७३ सालचं, त्यामुळे पेंटेकॉस्ट म्हणजे तिकडे गावचा सण. लहानपणी तुला ते गणित कळायचं नाही. सगळ्यांचा मोठा सण नाताळ, मग मामाकडे जूनच्या तोंडावर नवे कपडे कसले? माहेरवाशिणी पोराबाळांसकट येतात, मटणाचा रस्सा आणि तांदळाच्या भाकऱ्या होतात, ओट्यावर पाय ठेवायला जागा नसते. फादरांचा झगा त्या दिवशी लाल, आणि पहिल्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांची लुगडीही लाल. तू एकदा विचारलं होतंस की आज्यांना कसं कळलं आज लाल घालायचं. अगं, त्या वर्षभर लालच नेसायच्या! आता पहिल्या बाकावर तशी लुगडी मोजून दोन-तीन राहिलीत.

तर मातृभाषा.

तुझ्या आजीपासून सुरू करतो. तिच्या उमेदीत मिस्सा लॅटिनमध्ये असायची. पाद्री वेदीकडे तोंड करून उभा, लोकांकडे पाठ. मागे बायका जमिनीवर गुडघे टेकून रोझरी ओढत. पुढे काय चाललंय हे घंटी वाजली की कळायचं. आजीला लॅटिन किती येत होतं? लितानीतलं 'ओरा प्रो नोबिस' तेवढं, तेही 'ओरापनोबीस' असं एका दमात. अर्थ माहीत नव्हता, पण चूक कधी झाली नाही. ४ डिसेंबर १९६३ ला व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला दार उघडलं, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत मराठी आपल्या वेदीपर्यंत पोचली. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. फादर पहिल्यांदा लोकांकडे तोंड करून म्हणाले, "हे तुम्ही सर्व जण घ्या आणि खा." घरी येताना आजी बराच वेळ गप्प होती. विहिरीजवळ आल्यावर म्हणाली, "इतकी वर्षं हेच म्हणत होते होय?" ती खूश होती की तिचा हिरमोड झाला होता, हे मला आजही सांगता येणार नाही. पुढे कित्येक दिवस ती रोझरी घेऊनच बसायची. म्हणायची, फादर पुस्तकासारखं बोलतात.

ते खरंच होतं. वेदीवर आली ती पुस्तकातली मराठी. घरातली, वाडीतली, बावखलावर, म्हणजे वाडीतल्या तळ्यावर, धुणं धुताना बोलायची ती आपली सामवेदी बोली बाहेरच राहिली. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. उलट मी शाळेत एकदा गुरुजींना बोलीत उत्तर दिलं आणि सगळा वर्ग हसला, गुरुजीही हसले. त्या दिवसापासून माझी बोली दारात चपलेबरोबर काढून ठेवायची आणि निघताना चढवायची अशी झाली, म्हणजे घरात वेगळं आणि बाहेर वेगळं. आणि तुम्ही दोघं झालात तेव्हा मी आईला बजावलं की पोरांशी शुद्ध मराठीत बोलायचं. आजी आणि आत्या ऐकल्या नाहीत म्हणून तुला थोडी तरी येते. तुझ्या भावाला समजते, पण तोंडातून निघत नाही. हे माझं करणं आहे. हे आधी सांगून टाकलं म्हणजे पुढचं लिहायला मोकळा.

गेल्या वर्षी धर्मग्रामाच्या परिषदेत एक विषय आला. आपल्याकडे टॉवर किती उभे राहिलेत ते तू मागच्या खेपेला पाहिलंसच. तिथे मुंबईहून आलेले मंगळुरी आहेत, गोव्याचे आहेत, तमिळ आहेत. त्यांचं मागणं एवढंच, की महिन्यातून एक मिस्सा इंग्रजीत असावी. मी उठलो. बोलायला लागलो की मी थांबत नाही हे तुला माहीत आहे. म्हणालो, चारशे-साडेचारशे वर्षांत लॅटिन गेलं, पोर्तुगीज गेले, आता कुठे साठ वर्षं देव मराठीत बोलतोय, त्यालाही इंग्लिश मीडियममध्ये घालायचं का? नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्या वसईत आपण इंग्रजी मिस्सा मागायची? टाळ्याही पडल्या.

मग मागून एक बाई उठली. तमिळ, हॉस्पिटलात नर्स आहे. मोडक्या मराठीत म्हणाली, "मी तीन वर्षं इथे कन्फेशन करते. तीन वर्षं माझी दोनच पापं आहेत. खोटं बोलले, रागावले. बाकीची मला मराठीत येत नाहीत."

लोक हसले. तीही हसली. मी खाली बसलो.

महिन्यातून एक इंग्रजी मिस्सा सुरू झाली. मी विरोधात हात वर केला नाही, बाजूनेही केला नाही. चहाला थांबलो नाही.

आणि नेमकं तीन आठवड्यांनी पेंटेकॉस्टचं पहिलं वाचन माझ्या वाट्याला. ८ जून. पाऊस तर मे महिन्यातच येऊन बसला होता, छपरावर एवढा आवाज की माईक असून घसा ताणावा लागत होता. तुला ते वाचन आठवत असेल, प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय. सोसाट्याचा वारा, अग्नीच्या जिभा, शिष्य निरनिराळ्या भाषांत बोलायला लागतात, आणि मग ते ऐकणाऱ्यांची ती यादी: पार्थी, मेदी, एलामी, मेसोपोटेमियाचे, यहुदियाचे, कप्पदुकियाचे, पंताचे... मी चाळीस वर्षं वाचनं करतोय. फ्रुगियापाशी अडखळलो, पंफुल्याला पार घसरलो. चष्मा पुसला, पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. आणि ती नावं दुसऱ्यांदा वाचताना मला टॉवरमधल्या घरांवरच्या पाट्या दिसायला लागल्या.

हे लोक यरुशलेममध्ये आले कुठून, याचा मी इतक्या वर्षांत विचार केला नव्हता. घरी येऊन नीट वाचलं. पेंटेकॉस्ट हा मुळात यहुद्यांचा गहू-कापणीचा सण, त्यांच्या वल्हांडण सणानंतर पन्नासाव्या दिवशी. पोटापाण्यासाठी दूरदेशी जाऊन राहिलेले यहुदी, त्यांची तिकडेच जन्मलेली, तिकडच्याच भाषेत वाढलेली पोरं, असे सगळे त्या सणाला आलेले. म्हणजे तुझ्यासारखे. मंदिरात त्यांना हिब्रू ऐकायला मिळालीच असती, मोठी, जुनी, पवित्र भाषा. रस्त्यावर मात्र त्यांनी ऐकली ती जिच्यात त्यांची आई त्यांना रागावली असेल ती. लोक चक्रावले ते यानेच. काही जण म्हणाले, हे प्यालेले आहेत. त्यावर प्रभूच्या शिष्याचं, पेत्राचं, उत्तर मला फार आवडतं: अहो, आता कुठे सकाळचे नऊ वाजलेत! आपल्याकडच्या कुणाला हे कारण पटलं नसतं, ते जाऊ दे.

आणि आणखी एक. हा पेत्र गालीलचा. प्रभूला पकडलं त्या रात्री मुख्य याजकाच्या अंगणात लोकांनी त्याला कशावरून ओळखलं? बोलीवरून. मत्तयच्या शुभवर्तमानात स्पष्ट आहे, तू त्यांच्यातलाच, तुझं बोलणंच सांगतंय. त्याने शपथा घेऊन नाकारलं. बोलीने घात केला की माणूस काय करतो ते मला विचार. सात आठवड्यांनी तोच माणूस त्याच गावात हजारो लोकांपुढे उभा राहिला आणि बोलला. त्या दिवशी तीन हजारांनी बाप्तिस्मा घेतला असं लिहिलंय. लोक एकमेकांना विचारत होते, हे बोलतायत ते सगळे गालीलचेच ना? म्हणजे हेल तसाच होता गं. पवित्र आत्मा उतरल्यावरही गालीलचा हेल सुटला नव्हता.

हे मी फादरांना सांगितलं. ते म्हणाले, "प्रवचन तुम्हीच करा." टोमणा होता की कौतुक, अजून ठरवतोय.

त्या नर्सबाईशी पुढे एकदा दारातच बोललो. तिला म्हटलं, मी त्या दिवशी जास्त बोललो. ती म्हणाली, "अंकल, माझी पापं आता वाढलीत." आता ती वरचेवर घरी येते, आईकडून सुक्या बोंबलांचं कालवण शिकली. मराठी मिस्सेलाही येते, आणि गाणी आपल्या कॉयरमधल्या निम्म्या पोरांपेक्षा मोठ्याने म्हणते.

तेव्हा फॉर्मवर मातृभाषा काय लिहायची, ते तूच ठरव. मराठी लिहिलंस तर खोटं नाही. माझ्यामुळे ती तुझी मातृभाषा झाली. की पितृभाषा म्हणायचं? पण आजीने तुला निजवलं ते मराठीत नाही.

चार ओळी अशा:

"हे प्रभो, जे आपल्या घरापासून आणि आपल्या भाषेपासून लांब राहतात, ज्यांना आपलं दुखणं, आपली चूक, आपलं प्रेम दुसऱ्याच्या शब्दांत सांगावं लागतं, त्यांचं बोलणं अर्धं राहिलं तरी तू ते पुरतं ऐक. आमच्या गावी पाऊस वेळेवर येऊ दे आणि बावखलांत पाणी राहू दे. आम्ही तुझ्याकडे प्रार्थना करतो."

बावखल कुणाला कळणार नाही म्हणून काढू नकोस. कप्पदुकिया तरी कुठे कुणाला कळतं? राहिलेली आपली बावखलं अजून तग धरून आहेत. गेल्या महिन्यात पोरांनी कोपऱ्यातल्या एकातला गाळ काढला.

आता बोलीतलं. हेच मी बोलीत लिहायला बसलो आणि लाज वाटली, कारण लेखणी टेकली की मराठीच उतरते. बोलताना अडत नाही, पण हाताला सवयच नाही. म्हणून आत्याकडे गेलो, म्हटलं तू म्हण, मी फोनवर रेकॉर्ड करतो. तर ती पदर सावरून बसली, घसा खाकरला आणि रेडिओवरच्या बातम्यांसारखी मराठी बोलायला लागली! तीन वेळा प्रयत्न केला. फोन समोर दिसला की तिची बोली आत जाते. शेवटी आज पहाटे ती वाडीत मोगरा खुडत असताना फोन शर्टाच्या खिशात चालू ठेवला आणि विचारलं, बायला देवाकडे काय मागायला सांगू? खुडता खुडता ती जे बोलली ते या फोटोंच्या मागोमाग पाठवतोय. मधे दोनदा कुत्र्यावर ओरडली आहे, तेवढं गाळ. बाकी एक शब्द बदलू नकोस. माझ्या चार ओळींपेक्षा ते चांगलं आहे, आणि तिने पाऊस मागितलेला नाही, तुझ्या गुडघ्याचं दुखणं थांबू दे म्हणालीय. ते सगळ्यांसमोर म्हणायचं की नाही ते बघ.

तुमची अकराची मिस्सा म्हणजे इथे रविवारी रात्रीचे साडेआठ. तोवर नंदाखालची जेवणं उरकलेली असतील. मामाच्या ओट्यावर फोन उशीला टेकवून ठेवतो, आत्यालाही बोलावलंय. तुमच्या चर्चमध्ये व्हिडिओ लावायची परवानगी आहे का ते आधी विचारून ठेव. आणि छोट्याला लाल शर्ट घाल.

तुझे
पप्पा