विषय: फिरणारा चौरस शेजारच्या ठोकळ्यात घुसतो आणि तुमचं मदतकेंद्र सांगतं, "वर्तुळ घ्या"

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या मदतकेंद्राला चौथा फोन केला. आधीच्या तीन तक्रारी तुमच्या नोंदीत आहेत, त्या वाचा.

तुमच्या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये फिरणारा आकार शेजारच्या वस्तूंना आपोआप बाजूला सारतो, एवढ्या एका सोयीसाठी मी वर्षाचे पैसे एकरकमी भरले. मागच्या अपडेटपर्यंत ती चोख चालत होती. आता 100 पिक्सेलचा चौरस फिरवला की शेजारचे ठोकळे फक्त 0, 45 आणि 90 अंशांना बरोबर जागी असतात. मधल्या वेळात ते एकसारख्या वेगाने सरकतात, आणि चौरसाची आडवी रुंदी तशी वाढत नाही. 22.5 अंशांना ती 130.7 होते, तुम्ही जागा सोडता 120.7. दोन्हीकडे कोपरा पाच-पाच पिक्सेल आत घुसतो. चौरसाच्या बाजूची लांबी गुणिले त्या कोनाच्या साइन-कोसाइनची बेरीज, अशी ही रुंदी दर फ्रेमला काढावी लागते. पूर्वी तुम्ही ती काढत होतात!

आता आजचं बोलणं. वीस मिनिटं थांबवून ठेवल्यावर तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "मॅडम, चौरसाऐवजी वर्तुळ घ्या ना. ते फिरलं तरी कुणाला धक्का लागत नाही." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, अहो, मी सातवीच्या मुलांसाठी पायथागोरसचा व्हिडिओ करतेय. चौरस 45 अंशांत वळला की शेजारचे ठोकळे सरकून 141.4 ची जागा होते, तोच त्याचा कर्ण, तेच मुलांना डोळ्यांनी दिसायला हवं. वर्तुळाला कोपराच नाही, तर दाखवू काय? त्यावर तो म्हणाला, "मुलांना एवढं कळत नाही, मॅडम." आणि फोन ठेवला.

मुलांना कळतं. गेल्या वर्षी हाच चौरस फिरताना बघून एका मुलीने विचारलं होतं, "बाई, हा तिरका झाल्यावर मोठा होतो का?" तो प्रश्न पडावा म्हणूनच मी हे करते.

सध्या मी दर पाच अंशांना ठोकळे हाताने सरकवतेय. बारा सेकंदांच्या तुकड्याला तीन रात्री गेल्या. पैसे मी तुम्हाला भरलेत आणि काम मीच करतेय. मधल्या अंशांना कोपरा आत घुसतो, हे मी चार वेळा सांगितलं, आज पाचव्यांदा लिहून देतेय.

पंधरा दिवसांत जुनं गणित परत आणा, नाहीतर उरलेल्या सात महिन्यांचे पैसे परत करा. दोन्ही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे माझ्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावेन. शाळेतल्या चार शिक्षकांना मी तुमचं सॉफ्टवेअर घ्यायला लावलं होतं. त्यांना काय झालं ते उद्याच सांगणार आहे.

एक गणित शिक्षिका