विमा संपण्याआधी ऑपरेशन उरकायचे का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येत्या ऑगस्टमध्ये मला पंचविसावे वर्ष पूर्ण होईल आणि वडिलांच्या कंपनीच्या गटविम्यातून माझे नाव निघेल. मला क्रोन्स हा आतड्याचा आजार आहे. गेले काही महिने आमच्या घरी एकच विषय सुरू आहे: विमा आहे तोवर ऑपरेशन करून घ्यायचे की इंजेक्शने सुरू करायची? हा प्रश्न खरे तर माझ्या आतड्याची स्थिती पाहून सुटायला हवा. तो कॅलेंडर पाहून सोडवला जातो आहे, म्हणून हे पत्र.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही सूज आणि व्रण होऊ शकतात. माझा आजार लहान आतडे संपून मोठे सुरू होते त्या जागी आहे. पोटाचा टीबीही बहुतेक वेळा तिथेच होतो आणि बायोप्सीतसुद्धा दोन्ही पुष्कळदा सारखे दिसतात. म्हणून आपल्याकडे अनेकांना आधी टीबीच्या गोळ्या दिल्या जातात. मलाही दिल्या. त्यात मी कुणाला दोष देत नाही, कारण टीबी असताना क्रोन्सची औषधे देणे जास्त घातक. मात्र दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहिले, तर व्रण भरताहेत की नाही ते बरेचसे कळते. माझी दुसरी कोलोनोस्कोपी सहा महिन्यांचा कोर्स संपल्यावर झाली. व्रण होते तसेच होते, आणि आतडे एका जागी अरुंद झाले होते.

मी सक्करदऱ्याला एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना गणित शिकवते. जेवणानंतर तासाभराने बेंबीच्या उजवीकडे कळ यायला लागते, पोट दगडासारखे होते, आतली गुडगुड मलाच ऐकू येते. मग मी फळ्याकडे वळून एखादे लांबलचक समीकरण लिहायला घेते आणि कळ ओसरली की मुलांकडे तोंड करते. हिवाळ्यात घरी संत्री येतात तेव्हा मी गाळलेला रस पिते, कारण फोडीची साल त्या अरुंद जागी अडकू शकते. तर्री-पोह्यातले चणे बंद आहेत. नातेवाईक मायेने सांगतात, "इसबगोल घेत जा, पोट साफ राहीन." अरुंद आतड्यात इसबगोल फुगून रस्ता अडवू शकतो, हे त्यांना प्रत्येक वेळी नव्याने सांगावे लागते.

स्टेरॉईडने आठवड्याभरात बरे वाटले. भूक लागली, गाल भरले, लग्नाच्या स्थळांची चौकशी करणाऱ्या मावशीला तर मी "सुधारलेली" दिसले. पण स्टेरॉईड हा भडका शमवायचा उपाय आहे, वर्षानुवर्षे घ्यायचे औषध नाही. त्याने हाडे ठिसूळ होतात, रक्तातली साखर वाढते आणि आजाराची वाटचालही थांबत नाही. वर्षात दोनदा त्याची गरज पडली तर मूळ उपचार बदलायची वेळ आली, असे पोटविकारतज्ज्ञ मानतात. तरीही जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून तीच गोळी पुन्हा आणणारे रुग्ण मला ओपीडीच्या बाकावर भेटले आहेत. ती स्वस्त आहे आणि तिने लगेच बरे वाटते. त्यांच्या जागी मीही हेच केले असते, पण मला वेळीच समजावणारे डॉक्टर मिळाले.

पुढचे पर्याय मला नीट समजले ते पोटविकारतज्ज्ञ आणि सर्जन या दोघांशी वेगवेगळे बोलून. प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या ॲझाथायोप्रिनच्या गोळ्या परवडतात, पण गुण यायला दोन-तीन महिने लागतात. काहींच्या पांढऱ्या पेशी अचानक घसरतात, त्यामुळे सुरुवातीला वरचेवर रक्त तपासावे लागते. आपल्या आशियाई लोकांत हा धोका वाढवणारा एक जनुकीय बदल बऱ्यापैकी आढळतो आणि त्याची चाचणीही होते. इंजेक्शनांपैकी इन्फ्लिक्सिमॅब सलाईनमधून देतात: पहिल्या डोसनंतर दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, मग दर आठ आठवड्यांनी. ॲडालिमुमॅब घरीच टोचता येते, साधारण दर दोन आठवड्यांनी. ॲडालिमुमॅबची जगातली पहिली जैवसमान आवृत्ती (दुसऱ्या कंपनीने बनवलेले, मूळ औषधासारखेच काम करणारे औषध) २०१४ मध्ये भारतातच बाजारात आली आणि किंमत बरीच उतरली, तरी महिन्याचा खर्च आमच्यासारख्या घराला जड आहे. ही इंजेक्शने दडलेला टीबी जागा करू शकतात. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी करावी लागते, टीबीच्या गोळ्या होऊन गेल्या असल्या तरी.

ऑपरेशन म्हणजे सगळे उपाय हरल्यावर करायची गोष्ट, असे आमच्याकडे सगळ्यांनाच वाटत होते. तसे ते नाही. नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. आजार माझ्यासारखा त्याच छोट्या भागापुरता आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणारा असेल, तर दुर्बिणीच्या ऑपरेशनने आतड्याचा तेवढा तुकडा काढलेल्यांचे आणि इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्यांचे वर्षभरानंतरचे जगणे जवळपास सारखेच चांगले होते. आईला सगळ्यात मोठी भीती पोटावर लावायच्या शौचाच्या पिशवीची. पूर्वतयारीने केलेल्या अशा ऑपरेशनात आतडे बहुधा तिथल्या तिथे जोडता येते, हे सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवले तेव्हा ती पहिल्यांदा शांत झाली. पण ऑपरेशनने आजार मुळातून जात नाही. जोडाच्या जवळ तो परत येऊ शकतो, आणि तो भाग काढल्यावर बी-१२ चे शोषण कमी होऊ शकते.

माझ्या एमआरआयवरून दोन्ही डॉक्टरांचे मत पडले की आतडे अरुंद झाले आहे ते मुख्यतः सुजेमुळे. जुन्या व्रणांनी ते आखडले असते तर कोणत्याही औषधाने उघडले नसते आणि ऑपरेशनच योग्य ठरले असते. सूज मात्र इंजेक्शनने उतरू शकते. म्हणजे वैद्यकीय उत्तर मिळाले होते. तरीही बाबा रात्री वही घेऊन बसतात. ऑपरेशन एकदाचा खर्च आणि तो विम्यात बसतो. इंजेक्शने किती वर्षे चालतील ते कुणी सांगू शकत नाही. नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबवून ठेवण्याची मुभा कंपनीला आहे. गटविम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय नियमांत आहे, पण त्यासाठी मुदतीआधीच हालचाल करावी लागते. ही गोष्ट आम्हाला कुणी आपणहून सांगितली नाही, बाबांनी शोधून काढली. अर्ज दिला आहे, उत्तर यायचे आहे.

मी इंजेक्शन निवडले आहे. बाबांनी एक ठेव मोडली. ज्या घरात मोडायला ठेव नाही, तिथल्या मुलीचे काय होत असेल याचा विचार मला झोपू देत नाही. नागपुरात मेडिकलचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे, मिहानमध्ये एम्स आहे. गोंदिया, गडचिरोलीच नव्हे, शेजारच्या मध्य प्रदेश-छत्तीसगडमधूनही लोक इथे येतात. इथे आठवड्यातून एक दिवस पोटविकारतज्ज्ञ, सर्जन आणि आहारतज्ज्ञ एकाच खोलीत बसून अशा रुग्णांशी बोलले, तर जे समजायला मला कित्येक महिने लागले ते दुसऱ्या कुणाला एका सकाळी समजेल. दुसरी मागणी राज्य सरकारकडे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. क्रोन्सची ही इंजेक्शने, दाखल न होता घेतलेली असली तरी, त्या योजनेत नावानिशी आणि निःसंदिग्धपणे असावीत. आरोग्यमंत्र्यांनी आणि विदर्भातल्या आमदारांनी हा प्रश्न येत्या अधिवेशनात घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक शिक्षिका, सक्करदरा, नागपूर
(विनंतीवरून नाव प्रसिद्ध करू नये)