फ्लायव्हील हलके करताय? आधी सेल्फ जुळतो का बघा

संपादक महोदय,

आपल्या मोटार पुरवणीत स्पोर्ट्स कारच्या हलक्या फ्लायव्हीलवर (इंजिनच्या क्रँकच्या, म्हणजे मुख्य दांड्याच्या, टोकाला बसणाऱ्या जड चकतीवर) आलेल्या लेखात दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे त्यामुळे इंजिनची ताकद वाढते हे विधान. दुसरी, स्टार्टर मोटरबद्दल, म्हणजे सेल्फबद्दल, त्यात अवाक्षरही नाही.

ताकद वाढत नाही. वेग घेताना इंजिनचा स्वतःचा लोखंडी भार फिरवण्यात जी ताकद जाते, तेवढी वाचते. २८ सेंमी व्यासाच्या, एकसारख्या जाडीच्या ९ किलो चकतीऐवजी तेवढ्याच व्यासाची साडेचार किलोची बसवली, चाकाची त्रिज्या ३० सेंमी आणि पहिल्या गिअरचे एकूण प्रमाण १२:१ धरले, तर गाडीचे वजन सुमारे ७० किलोंनी उतरल्यासारखा फरक पडतो. चौथ्यात हेच प्रमाण ४:१ असेल तर फायदा जेमतेम ८ किलोंचा, कारण इथे प्रमाणाचा वर्ग होतो. एकसारख्या वेगात तर काहीच नाही. शिवाय वजन कुठून काढले यालाही महत्त्व आहे. कडेचा एक किलो मध्याजवळच्या एक किलोपेक्षा कितीतरी जास्त मोलाचा.

म्हणून काही जण मूळ बिडाचे फ्लायव्हीलच लेथवर चढवून तासतात. हे टाळावे. बीड ताणाला कच्चे, आणि कडेवरचा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. फुटलेले फ्लायव्हील बेलहाउसिंग (क्लचभोवतीचे कवच) फाडून चालकाच्या पायांपर्यंत येऊ शकते. स्टीलचे किंवा स्टीलची घर्षणपट्टी बसवलेले ॲल्युमिनिअमचे घ्यावे, आणि ते एसएफआय १.१ (रेसिंगच्या सुट्या भागांचे अमेरिकी सुरक्षा मानक) प्रमाणित असलेले बरे.

आता सेल्फकडे येऊ. खरी गफलत इथेच होते. सेल्फचे छोटे दातेरी चाक, म्हणजे पिनिअन, फ्लायव्हीलच्या कडेवरच्या दातेरी कड्यात, म्हणजे रिंग गिअरमध्ये, गुंतून इंजिन फिरवते. शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिनला १५३ आणि १६८ दातांची, अशी दोन मापांची फ्लायव्हील येतात. व्यास अनुक्रमे पावणेतेरा आणि चौदा इंच. छोट्यासाठी स्टार्टरचे दोन बोल्ट सरळ रेषेत, मोठ्यासाठी तिरके. फोर्डच्या स्मॉल ब्लॉकमध्ये १५७ आणि १६४ दात. नवे फ्लायव्हील मागवण्याआधी जुन्याचे दात खडूने खूण करून मोजा. त्याच वेळी दातांची तासलेली कड कोणत्या बाजूला आहे तेही बघा. पिनिअन ज्या बाजूने आत शिरतो, त्याच बाजूला ती हवी. जुन्या इनर्शिया (मोटर फिरू लागल्याच्या झटक्याने पिनिअन सरकवणाऱ्या) स्टार्टरच्या जागी प्री-एंगेज्ड (सोलेनॉइडने, म्हणजे विद्युतचुंबकी स्विचने, आधी पिनिअन गुंतवणारा) बसवताना पिनिअनची शिरण्याची दिशा बदलत असेल, तर रिंग गिअरही बदलावा लागतो. नाहीतर दर वेळी दातांची टोके खरवडली जातात. रिंग बसवताना ती भट्टीत सुमारे २०० अंशांपर्यंत सारखी तापवावी. गॅसच्या ज्योतीने एकाच जागी तापवून निळा रंग चढला, की तिथल्या दातांचे पाणी उतरलेच म्हणून समजा.

स्टार्टर बसवल्यावर, तो सुटलेल्या स्थितीत असताना, पिनिअनचे टोक आणि रिंग गिअर यांत दीड ते तीन मिलिमीटर अंतर असावे. पिनिअन पूर्ण गुंतवून दाताचे टोक आणि समोरची खाच यांतली फट बघायची. वरच्या शेवरोले इंजिनांत ती अर्धा ते ०.९ मिमी चालते. साध्या कागदी क्लिपची तार त्या फटीत घालून तपासता येते. कानही चांगले काम करतात. सेल्फ मारताना शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर पिनिअन लांब आहे. इंजिन सुरू होऊन चावी सोडताना आला, तर तो फार जवळ आहे; शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घाला.

हलक्या फ्लायव्हीलला दाबाचा टप्पा ओलांडायला साठवलेली गती कमी मिळते. सेल्फ मारताना क्रँक अडखळत फिरतो, कॉम्प्रेशन जास्त आणि स्पार्क फार लवकर असेल तर उलटा झटका मारतो. त्या झटक्याने स्टार्टरचे नाक तडकते आणि दोष मात्र स्टार्टरला मिळतो. सेल्फ मारतानाचे टायमिंग मागे घ्या. गिअर रिडक्शन स्टार्टर (आतल्या गिअरने वेग कमी करून जोर वाढवणारा) घेणेही शहाणपणाचे. तो आकाराने लहान, त्यामुळे एक्झॉस्टपासून जरा लांब राहतो.

काही गाड्यांत क्रँक सेन्सर फ्लायव्हीलवरच्याच खाचा वाचतो. खाचांची रचना जुळली नाही, तर सेल्फ कितीही मारा, स्पार्क येणार नाही. बाहेरून बॅलन्स केलेल्या इंजिनांचेही असेच. फोर्ड ३०२ ला जुन्या घडणीत २८ आणि नंतरच्या घडणीत ५० औंस-इंचाचे असंतुलन फ्लायव्हीलमध्ये मुद्दाम ठेवलेले असते. चुकीचे बसवले तर सगळी गाडी थरथरते.

फिटिंगला फार लिहिण्यासारखे नाही. क्रँकची बैठक निर्मळ पुसा, बोल्ट नवे घ्या, आरपार भोके असतील तर बोल्टच्या आट्यांना सीलंट लावा, उत्पादकाने दिलेल्या टॉर्कने समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळा. फ्लायव्हील डगमगते का हे बघायला डायल गेज लावताना क्रँक एका बाजूला दाबून धरा, नाहीतर एंड फ्लोटच (क्रँकची पुढे-मागे हालचाल) मोजाल. घर्षणपट्टीवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने काढा. गिअरबॉक्स उतरलेलाच आहे तर मागचे ऑइल सील आणि पायलट बेअरिंगही बदलून टाका. ड्युअल मास फ्लायव्हील (दोन चकत्यांमध्ये स्प्रिंग असलेले) काढून सिंगल मास बसवत असाल, तर स्प्रिंगची क्लचप्लेट हवीच. तरीही आयडलवर गिअरबॉक्स थोडा खडखडेल. आयडल शंभर-दोनशे आरपीएमने वाढवावे लागेल.

शेवटी वायरिंग. स्टार्टरवर स्वतःचा सोलेनॉइड असलेली नवी मोटर जुन्या फोर्डच्या बाहेरच्या रिलेला जोडताना काही जण सोलेनॉइडचे टर्मिनल मोटरच्या मोठ्या टर्मिनलला पट्टीने जोडून मोकळे होतात. मग चावी सोडली तरी फिरती मोटर स्वतःच वीज बनवते, सोलेनॉइड धरून ठेवते आणि पिनिअन क्षणभर गुंतलेलाच राहतो. बॅटरीची जाड केबल थेट मोटरला द्या आणि रिलेच्या मोटरकडच्या टर्मिनलवरून सोलेनॉइडला वेगळी बारीक वायर ओढा. सेल्फ मारताना बॅटरीच्या धन टोकापासून स्टार्टरपर्यंत अर्ध्या व्होल्टहून जास्त घट दिसली, तर मोटर खोलण्याआधी केबल आणि तिचे जोड बघा.

आपले,
मोटार ट्यूनिंगच्या कामातले काही वाचक