बॉयलर बदलावा की दुरुस्त करावा

लेस्टर,
१९ जानेवारी २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू एका वाक्यात निकाल दिलास, "बावीस वर्षांचा बॉयलर आहे, काढून टाक." साखर कारखान्याच्या बॉयलरवर उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाचा सल्ला मी सहज बाजूला सारणार नाही, परंतु मी सध्या दुरुस्तीच केली आहे, आणि त्यामागचा हिशेब तुला नीट कळावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या आठवड्यात एका पहाटे बॉयलरचे गरम पाणी खेळवून खोल्या उबदार ठेवणारे घरातले सगळे रेडिएटर थंडगार लागले. बॉयलर सुरू केला की पाण्याचा पंप गुणगुणत होता, पण ज्योत पेटण्याआधी नेहमी ऐकू येणारी पंख्याची घरघर येत नव्हती आणि थोड्या वेळाने लाल दिवा लागत होता. इथे गॅसचे काम 'गॅस सेफ' नोंदणी असलेल्या कारागिरानेच करायचे असते, म्हणून मी झाकणाला हात लावला नाही. कारागिराने पंखा काढून माझ्या हातात दिला आणि बोटाने फिरवून पाहायला सांगितले. बेअरिंग इतके धरले होते की पाते अर्धा फेरा जाऊन अडकले. जळलेले वायू बाहेर टाकणारा हा पंखा फिरल्याची खात्री पटल्याशिवाय यंत्र गॅस सोडतच नाही, त्यामुळे धोका काही झाला नाही. ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या हीट एक्स्चेंजरला तडा नव्हता आणि नवा पंखा बसवल्यावर बाहेर पडणाऱ्या वायूंतले कार्बन मोनॉक्साइडचे मोजमापही मर्यादेत आले. सगळा खर्च २६० पौंड झाला. एक्स्चेंजर फुटला असता, तर मी या यंत्रावर एक पैसाही घातला नसता.

नव्या गॅस बॉयलरसाठी मला २,९०० पौंडांचे दरपत्रक मिळाले आहे. आमचे यंत्र २००३ सालचे, म्हणजे जळलेल्या वायूंतल्या वाफेची उष्णता परत मिळवणारे कंडेन्सिंग बॉयलर एप्रिल २००५ पासून इंग्लंडमध्ये सक्तीचे झाले त्याच्या आधीचे. त्याची कार्यक्षमता ७७ टक्के धरली आणि नव्याची ९०, तर वर्षाला लागणाऱ्या १४,००० युनिट गॅसपैकी सुमारे २,००० युनिटे वाचतील. आजच्या दराने ते सव्वाशे पौंड होतात, म्हणजे किंमत वसूल व्हायला तेवीस वर्षे लागतील. शिवाय दरपत्रक देणाऱ्याने गरम पाण्याची टाकी काढून 'कॉम्बी', म्हणजे टाकीशिवाय नळाचे पाणी लागेल तेव्हा तापवणारा बॉयलर, बसवण्याचा आग्रह धरला, तो मला मुळीच पटला नाही. पुढेमागे हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या मदतीने घरात ओढून आणणारे यंत्र, घ्यायचा झाला, तर टाकीसाठी जागा लागतेच, आणि आज ती आमच्याकडे आहे.

माझे मन खरे तर हीट पंपाकडे ओढ घेते. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यासाठी सरकार ७,५०० पौंड अनुदान देते. मात्र विजेचे युनिट गॅसच्या जवळजवळ चौपट महाग आहे. त्यामुळे एका युनिट विजेत किमान तीन युनिट उष्णता मिळाली, तरच बिल आमच्या जुन्या बॉयलरच्या बरोबरीत राहील, आणि तेवढी मिळण्यासाठी रेडिएटरमधले पाणी ५० अंशांच्या आसपास ठेवूनही घर उबदार राहायला हवे. म्हणून पंखा बदलल्यावर मी बॉयलरचे तापमान ७५ वरून ५५ वर आणून पाहिले. जुन्या यंत्रात परतीचे पाणी फार थंड आले तर आत आम्लयुक्त दव साचून गंज चढतो, हे तुला सांगायला नको. त्यामुळे हा प्रयोग दोनच दिवस केला. बाहेर चार अंश असताना दिवाणखाना वीस अंशांवर टिकला, पण मुलीची उत्तरेकडची खोली सतराच्या वर जाईना. म्हणजे सगळ्या घराचे रेडिएटर बदलायला नकोत, बहुधा त्या एका खोलीत मोठा बसवला की पुरेल. हे कळल्याचा मला फार आनंद झाला.

चिंता वाटते ती पाण्याची. एका रेडिएटरमधून मी पेलाभर पाणी काढले, तर ते शाईसारखे काळे निघाले. पेल्याला बाहेरून लोहचुंबक टेकवताच तळाचा गाळ सरकत कडेला येऊन चिकटला. हे लोखंड रेडिएटरच्याच पत्र्याचे आहे. हा गाळ तसाच ठेवून नवे यंत्र जोडले, तर त्याच्या अरुंद वाटा पहिल्याच हिवाळ्यात तुंबतील. आणि दरपत्रकात नळ्या धुण्याचा उल्लेखसुद्धा नव्हता! ते दरपत्रक मी तेवढ्यासाठीच परत पाठवले असते.

तुमच्याकडे दसऱ्याच्या सुमारास अग्निप्रदीपन होऊन बॉयलर पेटला की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, तो चालता ठेवायचा आणि मोठी कामे हंगाम संपल्यावर काढायची, ही पद्धत तूच मला शिकवलीस. आमचा हंगाम एप्रिलअखेर संपतो. तोवर हे यंत्र चालवायचे, मे महिन्यात नळ्या धुऊन घ्यायच्या, मुलीच्या खोलीत मोठा रेडिएटर बसवायचा आणि मग हीट पंपाची दोन-तीन दरपत्रके मागवायची, असे आम्ही घरी ठरवले आहे. मध्येच आणखी एखादा मोठा भाग गेला, तर मात्र तुझे ऐकेन.

तुला एकच विचारायचे आहे. गंजरोधक रसायन आत्ताच पाण्यात घालावे, की नळ्या धुतल्यानंतर? इथले कारागीर दोन्ही बाजूंनी बोलतात. तुमचे गाळप जोरात असेल, तरी सवडीने कळव. काकांना आणि काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार.

तुझा,
जुना खोलीसोबती