पन्हाळा सहल : पेठेतल्या सर्वांना कळकळीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की आपल्या वाचनालयाची पन्हाळा सहल निघते, हे पेठेत कुणाला नव्याने सांगायला नको. मधली दोन वर्षे कोरोनात गेली, २०२१च्या पावसाळ्यात तर गडावर चढणारा रस्ताच खचला होता. तरी यंदाची धरून ही चौदावी सहल. एस.टी.कडे प्रासंगिक कराराच्या तीन गाड्या सांगून ठेवल्या आहेत आणि हातात निम्मी रक्कमसुद्धा नाही. आगाऊ भरायची मुदत जवळ आली आहे, म्हणून घाईने लिहीत आहे. चूकभूल असल्यास सांभाळून घ्यावे.

आभाळ मोकळे असले की वाचनालयाच्या गच्चीवरून जोतिबाचा डोंगर दिसतो आणि त्याच्या डाव्या अंगाला पन्हाळा. इथून उणेपुरे वीस किलोमीटर. शिवाजी पूल ओलांडला, केर्ली मागे टाकली, वाघबिळाला वळले की चढ लागतो. पण पहिल्या वर्षी आपण महापालिकेच्या शाळेत जाऊन ‘पन्हाळा कुणी कुणी बघितलाय?’ असे विचारले, तेव्हा अख्ख्या वर्गात पाच हात वर आले. त्यातले दोघे वरातीच्या गाडीतून गेलेले, गडावर उतरलेच नव्हते. ज्यांच्या गावाची राजधानी १७८२ पर्यंत त्या गडावर होती, त्या कोल्हापूरची ही मुले. आपली सहल त्या दिवशी जन्मली.

तेव्हा ज्यांनी पाठीशी उभे राहून ती चालवली, त्यांचे ऋण मानल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिल्या वर्षी पैसे नव्हते, तेव्हा कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्या आबांनी डबीतले पैसे न मोजता टेबलावर ओतले. मार्केट यार्डातले आपले अडतेसाहेब दर वर्षी गुळाची ढेप आणि शेंगदाण्याचे पोते पाठवतात, नाव लावू देत नाहीत. मागच्या गल्लीतल्या काकी आणि त्यांच्या भिशीतल्या भगिनी पहाटे तीनला चुली पेटवून दोनशे भाकरी थापतात. गडावर झुणका-भाकरी मिळते हे त्यांना ठाऊक आहे. तरी मुलांच्या पोटात घरचे जावे, हा त्यांचा हट्ट. तालमीतली पोरे दोर, पाणी आणि औषधाची पेटी घेऊन ताफ्याच्या पुढे-मागे चालतात. आजवर एकाही मुलाला मोठी इजा झाली नाही, हे श्रेय त्यांचेच.

आणि गुरुजी. निवृत्तीनंतर अकरा वर्षे ते तीन दरवाजात उभे राहून बोलले. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला गड, मग आदिलशाही, १६५९ मध्ये अफजलखानाच्या वधानंतर लगोलग महाराजांनी घेतला तो, १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा. हे सारे ते ऐन उन्हात उभे राहून सांगत. कोंडाजी फर्जंदांनी १६७३ मध्ये साठ मावळ्यांनिशी गड परत घेतला, हा प्रसंग आला की त्यांचा आवाज चढायचा. राजदिंडीपाशी मात्र ते हळू बोलत. १२ जुलै १६६०, आषाढी पौर्णिमा, पावसाची रात्र. महाराज इथून मसाई पठाराच्या दिशेने निघाले. शिवा काशीद महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसले आणि बाजीप्रभू घोडखिंडीत थांबले. शिवा काशिदांची समाधी पायथ्याला नेबापुरात आहे, जाताना तिथे गाडी थांबवायचीच, हा नियम गुरुजींचा. गुडघ्यांमुळे आता त्यांना चढवत नाही. यंदा त्यांच्याच दोन विद्यार्थिनी बोलणार आहेत.

मुलांना सर्वांत जास्त काय आवडते, हे विचाराल तर अंधार बाव. शत्रूने पाण्यात विष कालवू नये म्हणून विहिरीवर तीन मजली इमारत उभी केली आणि पाणीच लपवून टाकले. पायऱ्या उतरताना आधी सगळी ओरडतात, आणि खालच्या गारव्यात पोचली की आपोआप गप्प होतात. एकदा एका मुलाने भिंतीला कान लावला आणि म्हणाला, “सर, आतनं पाणी बोलतंय.” अंबरखान्यातल्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे, असे सांगितले की मुले छताकडे बघत उभी राहतात. चार दरवाजाच्या जागी मात्र दाखवायला फारसे काही उरलेले नाही. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी तो पाडला. पण ती मोकळी जागासुद्धा आपण मुद्दाम दाखवतो.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्यात पन्हाळा आहे आणि तमिळनाडूतली जिंजीही आहे. राजाराम महाराज याच पन्हाळ्यावरून जिंजीकडे गेले होते. बातमी आली त्या संध्याकाळी पेठेत फटाके वाजले, फलक लागले. ते बघून उर भरून आला. पण त्याच पेठेत गेल्या वर्षी पावतीपुस्तक घेऊन फिरताना “पन्हाळ्यात काय बघायचंय, आम्ही दर रविवारी जातो की,” असे उत्तर चार दारांत ऐकले, तेही मनातून जात नाही. पैसे कमी पडले आणि तिसरी गाडी आदल्या रात्री रद्द करावी लागली. सगळ्या घरांत निरोप पोचला नाही. पहाटे साडेसहाला एक मुलगी वेणीफणी करून, रुमालात डबा बांधून दारात उभी होती. तिला परत पाठवायचे काम माझ्या वाट्याला आले. ती रडली नाही, डबा घट्ट धरून वळली आणि गेली. यंदा ती सातवीत आहे, पुढच्या वर्षी शाळा बदलेल. या वर्षीच्या यादीत पहिले नाव तिचे आहे.

तपशील असा : मुले १२०, सोबत मोठी माणसे १२. शाळेचे पत्र जोडल्यामुळे गाडीभाड्यात सवलत धरली आहे. भाडे, नाश्ता, वह्या मिळून एका मुलामागे २२० रुपये, एकूण २६,४०० रुपये. जमा ९,१५०, कमी १७,२५०. सहल डिसेंबरचा दुसरा रविवार, सकाळी ६.३०, वाचनालयासमोरून. रोख किंवा धनादेश वाचनालयात रोज संध्याकाळी ६ ते ८, पावती घ्यावीच. एका मुलाचा खर्च उचलला तरी मोठी मदत. पैसे नसतील तर पीठ, केळी, टोप्या चालतील. गाडीत मुले सांभाळायला चार भगिनी हव्या आहेत. रक्कम ३० नोव्हेंबरच्या आत पोचावी, नंतर गाड्या हातच्या जातील.

आपला नम्र,
चिटणीस

ता.क. : मागच्या सहलीत राहिलेला निळा स्वेटर आणि पाण्याच्या तीन बाटल्या वाचनालयाच्या कपाटात आहेत. ओळख पटवून घेऊन जावे.