ओंकार, खिळ्यांची भोकं बघ

चि. ओंकारला पप्पांचा आशीर्वाद.

रविवारी त्या जुन्या बेस गिटारवरून आपलं वाजलं आणि तू फोन कट केलास, त्यानंतर तीनदा लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं. एका बोटानं टाइप करतो म्हणून वेळ लागतो ते खरं, पण पुसलं ते वेगळ्या कारणानं. दरवेळी दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच रंग यायला लागला. तू म्हणालास ना, पप्पा तुम्हाला जगात रंगाशिवाय काही दिसतच नाही. बरोबर आहे तुझं. म्हणून आज ठरवूनच बसलोय की रंगाचा विषय काढायचा नाही. तू शनिवारी तो बेस घ्यायला विमानात बसणार, त्याच्या आधी बोलायचं राहिलंय तेवढंच लिहायचं.

पहिलं म्हणजे भंगार हा शब्द मी वापरायला नको होता. सोळा लाखाचं भंगार म्हणालो आणि आईनं माझ्याकडे असं बघितलं की फोन तू ठेवायच्या आधीच मला कळलं काय झालं ते. पण तू फोटो पाठवलास तो माझ्या डोळ्यांनी बघ की जरा. हिरवट पडलेला निळा, कडेचे टवके उडालेले, सगळ्या अंगावर बारीक तडे, स्क्रू गंजलेले. अशी गाडी आपल्या दारात आली असती तर मी आधी सगळी खरवडून काढली असती. चाळीस वर्षं दुसरं काय केलं मी. आणि तू सांगायलास की तो रंग कुणी नवा मारला असता तर किंमत निम्म्यावर आली असती. हे डोक्यात शिरायला वेळ लागला रे. माझं आख्खं आयुष्य उलटं केल्यासारखं वाटलं एकदम.

मग मी तू पाठवलेल्या सगळ्या लिंक बघितल्या. सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन रात्री. शेजारच्या सायलीनं इंग्रजीचं मराठी करून दिलं जिथं अडलं तिथं. आई म्हणते परीक्षा आहे काय तुमची. आता मला बरंच कळायला लागलंय. अमेरिकेत गिटारी बनवणाऱ्या लिओ फेंडरनं १९५१ ला आपला पहिला इलेक्ट्रिक बेस काढला, त्याच्या आधी लोक उभा मोठा डबल बेस घेऊन फिरायचे, त्याला सतारीसारखे पडदे नाहीत, सूर कानानंच शोधायचा. ह्यानं गळ्यात अडकवायचा केला आणि पट्टीवर पडदे बसवले, सूर बरोबर जागेवर लागतो म्हणून नाव प्रिसिजन. जॅझ बेस १९६० चा. आणि जानेवारी १९६५ ला सीबीएस ह्या रेडिओ-टीव्हीवाल्या कंपनीनं फेंडर कंपनी घेतली, १ कोटी ३० लाख डॉलरला, म्हणून त्याच्या आधीच्या मालाला एवढा भाव. तू घेणार तो जॅझ बेस १९६३ चा. माझ्याच जन्मसालचा निघाला की. हे तू फोनवर सांगितलं असतंस तर मी कदाचित तसा बोललो नसतो. नाही, बोललोच असतो, उगाच खोटं कशाला लिहू.

हिशोब पण केला. तेव्हा तो नवा २८० डॉलरच्या आसपास मिळायचा आणि डॉलर होता ४ रुपये ७६ पैशाला. म्हणजे तेराशे साडेतेराशे रुपये. आणि कंपनीचा नेहमीचा रंग सोडून दुसरा पाहिजे असेल तर ५ टक्के जादा. म्हणजे तुझ्या ह्या निळ्याला तेव्हा पासष्ट-सत्तर रुपये जादा पडले असतील कुणालातरी, आणि आज त्याच निळ्यासाठी लाखांचा फरक. लेक प्लॅसिड ब्लू. हा रंग १९५८ च्या कॅडिलॅक गाडीचा आहे हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. गाडीचाच रंग! त्यांनी ड्यूपाँट ह्या रंगाच्या कंपनीचे गाडीचे डबे आणून गिटारींवर मारले. आपण आयुष्यभर ड्यूको मारला, ड्यूको मारला म्हणतो, ते त्यांच्याच डब्यावरचं नाव. मिरजेला उस्तादांकडे १९७९ ला कामाला लागलो तेव्हापासून हा शब्द तोंडात आहे, ह्या आठवड्यात कळलं कुठून आला ते.

आणि तो हिरवा का पडलाय ते मी तुला सांगतो, दुकानदार सांगेल त्यापेक्षा बरोबर सांगतो. खालचा निळा मेटॅलिक हा लुसाइट, म्हणजे ॲक्रिलिक, तो तसा पक्का. पण वरून क्लिअर, म्हणजे बिनरंगी थर, मारलाय तो एनसीचा, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरचा. एनसी पिवळा पडतोच, जुन्या फियाटवर बघितलंय मी. निळ्यावर पिवळी काच ठेव, हिरवं दिसणार. म्हणून पिकगार्ड, म्हणजे तारांखालचं ते प्लॅस्टिकचं झाकण, काढलं की त्याच्या खाली जिथं ऊन लागलं नाही तिथं निळा जास्त निळा सापडला पाहिजे. तडे पण तसेच, लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्यात आवळतं, वरचा एनसी तेवढा ताणत नाही, तडकतो. पण तडे बनवता पण येतात, ओंकार. गार करून, गरम करून, ब्लेडनं. मी स्वतः तसलं काम कधी केलं नाही पण कसं करतील ते मला दिसतं. बनवलेले तडे एकसारखे येतात. साठ वर्षांचे तडे एकसारखे येत नाहीत.

बघ, आलोच शेवटी रंगावर. राहवत नाही.

बरं, आलोच आहे तर खिळ्यांचं सांगूनच टाकतो. त्या व्हिडिओत एक गोष्ट होती ती बघून मी रात्री एक वाजता आईला उठवलं. त्या काळात कारखान्यात बॉडीला बारीक खिळे मारायचे आणि खिळ्यांवर टेकवून रंग मारून वाळवायचे, म्हणजे दोन्ही बाजू एकदम होतात. आपण दरवाजे तारेला टांगतो तसंच. नंतर खिळे उपटायचे. म्हणजे पिकगार्डखाली आणि त्या कंट्रोलच्या पत्र्याखाली जी भोकं असतील त्यांच्या आत कोरं लाकूड दिसलं पाहिजे. भोकाच्या आत रंग गेलेला असेल, लांबी म्हणजे पुट्टी भरलेली असेल किंवा भोकंच नसतील, तर रंग नंतर मारलाय, मग दुकानदार कितीही वाकून नमस्कार करू दे. पिकगार्ड काढून दाखवा म्हणायला लाजू नकोस. तू लाजतोस. कॉलेजला असताना उसाच्या रसाचे सुट्टे परत मागायला लाजायचास.

आणि नंबर. मागच्या पत्र्यावर एल आणि पुढे आकडे आहेत म्हणून तू खूष आहेस, पण तो पत्रा चार स्क्रूंवर आहे. चार स्क्रूंवर बसणाऱ्या नंबराला मी चेसिस नंबर म्हणणार नाही. बेसची मान खोलून तिच्या टाचेवर शिक्का बघ, ७ हा आकडा म्हणजे जॅझ बेस, मग महिना, मग ६३. आवाजाच्या बटणाखाली आत पॉट असतं, त्याच्यावर पण आकडे असतात, पहिले तीन बनवणाऱ्याचे, मग साल, मग आठवडा. पण पॉट बदलता येतं, म्हणून सोल्डर कधी मोडलंय का ते बघ, जुनं सोल्डर मळकट असतं. पुढचा भाग एका गाडीचा आणि मागचा दुसऱ्याचा, अशा जोडलेल्या गाड्या मी कमी बघितलेल्या नाहीत.

वाचताना तुला राग येत असेल. तुला हे सगळं माझ्या आधीपासून माहीत आहे, दहा वर्षं तू हेच वाचतोयस, आणि मी तीन रात्रींत तुला शिकवायला निघालो. चुकलं. पण पुसत नाही आता, परत टाइप करायला अर्धा तास जाईल.

खरं कारण सांगतो मला झोप का लागेना त्याचं. तुझा पहिला बेस.

अकरावीला विलिंग्डन कॉलेजला होतास, मिरजेच्या त्या ऑर्केस्ट्रावाल्या काकांकडून साडेतीन हजाराला आणलास. माझ्याकडून दोन हजार घेतलेस, बाकीचे आत्यानं दिले असं तू सांगितलंस, दाजींनी दिले होते हे मला नंतर कळलं, जाऊ दे. कुठली कंपनी कुणाला माहीत, नावपण नव्हतं त्याच्यावर. काळपट तपकिरी. वाढदिवसाला सरप्राइज द्यायचं म्हणून मी तू कोल्हापूरला गेलेला बघून तो गॅरेजला नेला. ऐंशी नंबरच्या कागदानं सगळा खरवडला, लांबी, प्रायमर, वॉटर पेपर, तीन हात मेटॅलिक निळा, दोन हात क्लिअर, रबिंग, आरशासारखा केला. तेवढं बारीक काम मी आमदारांच्या गाडीला पण केलं नव्हतं. आणि तू बघितलास आणि छान आहे म्हणालास आणि आत गेलास. जेवला नाहीस.

मी तेव्हा आईला म्हणालो, कृतघ्न कारटं आहे. सतरा वर्षं माझ्या मनात ते तसंच होतं.

ह्या मंगळवारी तो जेमरसन नावाच्या बेसवाल्याचा भाग बघितला, डेट्रॉइटचा, एका बोटानं वाजवायचा तो, तारा बदलायचाच नाही, त्या मळातच सूर आहे म्हणायचा. त्याचा १९६२ चा प्रिसिजन १९८३ ला चोरीला गेला आणि त्याच वर्षी तो माणूस गेला, बेस अजून सापडला नाही. आणि तो दुसरा बेसवाला जॅको, त्यानं जॅझ बेसचे पडदे उपटून पट्टीवर बोटीला लावतात तो इपॉक्सी ओतला. ते बघता बघता मला आठवलं, तुझ्या त्या तपकिरी बेसवर वरच्या बाजूला एक जागा होती, अंगठा टेकून टेकून रंग गेलेला, खाली लाकूड दिसायचं, गुळगुळीत, नाण्याएवढं. त्या काकांनी वीस-पंचवीस वर्षं गणपतीत, लग्नात, जत्रेत तिथं अंगठा ठेवलेला असणार. तू पण तिथंच अंगठा ठेवायला शिकला होतास. मला वाटलं खराब झालंय. मी तिथं लांबी भरली.

मला माहीत नव्हतं, बाळ. कुणी सांगितलंच नाही, तू पण नाही सांगितलंस.

आता लोनचं. लोनचं मी बोलणार नाही, तुझा पगार तू कमावतोस. फक्त एवढंच की पाच वर्षांचा हप्ता म्हणजे पाच वर्षं. आणि आईला मी सहा लाख सांगितलंय, तेव्हा तू पण सहाच सांग. तुला आठवतं का २०१९ चा पूर. सांगलीत आयर्विन पुलावर पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आपला कॉम्प्रेसर, दोन्ही गन, डबे, गिऱ्हाइकांच्या तीन गाड्या, सगळं पाण्यात. हायवे बंद होता तर तू कराडपर्यंत येऊन दोन दिवस तिथं पडून राहिलास आणि पाणी उतरल्यावर आलास ते गाळ काढायलाच उभा राहिलास. आणि नंतर चार लाख दिलेस, म्हणालास बोनस मिळालाय. बोनस नव्हता तो. आईनं मला ह्या दिवाळीला सांगितलं ते पैसे तू कशासाठी साठवत होतास. सहा वर्षं मी त्याच पैशातल्या नव्या कॉम्प्रेसरवर काम केलं आणि तुला भंगार म्हणालो. आणखी काय लिहू ह्याच्यावर.

एक कागदाचं मात्र ऐक. त्या पट्टीचं लाकूड ब्राझीलचं शिसव आहे. ते १९९२ पासून साइटीसच्या, म्हणजे दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या यादीत आहे, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचं तर जुनं लाकूड असलं तरी तसं सर्टिफिकेट लागतं. आपल्या इकडं शिसवाच्या पलंगाला वनखात्याचा पास लागायचा, तसंच समज. दुकानदाराला आधी ईमेल कर, कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नको, नाहीतर विमानतळावर ठेवून घेतील आणि तू लाजून गप्प बसशील. कस्टमचं पण आधी विचारून ठेव.

तुझा मला अभिमान आहे हे लिहायचं होतं, कुठं लिहायचं ते कळलं नाही. मागच्या वर्षी पुण्यात तुमचा प्रोग्रॅम झाला तेव्हा मी मागे उभा होतो. बाकीच्यांचं काही कळलं नाही, पण तू वाजवत होतास ते पायाखालच्या फरशीतून येत होतं. तुझा हात बंद झाला एकदा मध्येच, तेव्हा सगळं गाणं एकदम पोकळ झालं आणि परत सुरू झालास तेव्हा शेजारच्या माणसानं हं केलं. तो माझा मुलगा आहे हे मी त्याला सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं.

तो निळा अजून माळ्यावर आहे, पुरात वाचला. काढून बघितला काल. माझा रंग कुठं एवढासुद्धा फुगलेला नाही.

घे तू तो बेस. तुला सूर आवडला तर घे. फक्त खिळ्यांची भोकं बघ. आणि वरच्या कडेला अंगठ्याची जागा झिजलेली असेल तर तिचा जवळून एक फोटो मला पाठव, उजेडात.

पप्पा

ता. क. नोटा तपासायचा निळा दिवा असतो ना, तो बँकेतल्या पाटीलकाकांकडून मागून आणलाय. अंधारात बेसवर मार, जुना एनसी हिरवट पिवळा चमकतो, नंतर कुठं हात मारला असेल तर तेवढा डाग वेगळा, गडद दिसतो. उद्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सला देतोय, शुक्रवारी सकाळी स्वारगेटला उतरून घे, सेल नवीन टाकलेत. त्याच डब्यात भडंग आणि आईची शेंगदाण्याची चटणी आहे, चटणी वेगळ्या पिशवीत गुंडाळ, कपड्यांना तेल लागेल.