गाळणीवाल्या मावशींना…

25 डिसेंबर 2025. नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं सुरू झाली तो दिवस. उलव्याला रस्त्याकडेला 400 मिलिमीटरची लेन्स लावून मी सकाळपासून उभा. सांजेला कार्ड भरलं, बदलताना निसटलं आणि गवतात गडप! नखाएवढं ते, आणि दिवसभराचे सगळे फोटो त्यात.

टपरीवरच्या मावशी आल्या. ‘हलू नकोस, पायाखाली येईल,’ म्हणत चहाच्या गाळणीनं माती चाळायला बसल्या. डिलिव्हरीची दोन पोरं मोबाईलचा टॉर्च धरून वाकली (ऑर्डर थंड झाली असणार). वीसेक मिनिटांनी कार्ड गाळणीत! मावशींनी ते पदरानं पुसून दिलं, वर चहाचे पैसेही घेतले नाहीत.

तिघांचेही मनापासून आभार. मावशी, नवी गाळणी घेऊन येतोय.